जिवंत माणसाच्या नावाने बुडी

तंजावूरला जाऊन आले म्हटलं की लोक आधी मोठ्या देवळाबद्दल विचारतात. मी ते पाहिलं नाही. तीन दिवसांत त्याचा कळस मला चार वेळा दिसला, दोनदा रिक्षातून, एकदा बसमधून आणि शेवटी लग्नाच्या एका व्हॅनमधून. चारही वेळा मी कोणाची तरी वाट पाहून आले होते किंवा वाट पाहायला निघाले होते. गौरव समारंभासाठी प्रवास करणाऱ्याने पर्यटनाची आशा बाळगू नये.

गौरव माझा नव्हता. तो होता रघुनाथराव नावाच्या चित्रपट दिग्दर्शकाचा. तुम्ही हे नाव ऐकलं नसेल. त्यात तुमचा दोष नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी मिरजेच्या आमच्या फिल्म सोसायटीत त्यांचा पहिला चित्रपट दाखवला होता. एका खेड्यातलं पोस्ट बंद होतं, एवढीच गोष्ट. प्रेक्षक दोन रांगा, त्यातली एक पंख्याखाली बसायला आलेली. मी तेव्हा कॉलेजात ग्रंथपाल होते. सोसायटीच्या पत्रिकेत त्यावर दोन पानं लिहिली आणि विसरून गेले. रघुनाथराव विसरले नाहीत. त्या दोन पानांच्या भांडवलावर तंजावूरच्या मराठी मंडळाने मला ‘महाराष्ट्रातील थोर समीक्षक, पुणे’ असं छापून बोलावलं. मी कळवलं, गाव मिरज आहे. उत्तर आलं, “सरी मॅडम, पूना.” सरी म्हणजे तमिळमध्ये ठीक.

बुधवार, तंजावूर

मंडळाचे चिटणीस गोविंदराव स्टेशनवर शाल घेऊन उभे होते. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, अंगाने बारीक, उत्साहाने अवाढव्य. त्यांनी फलाटावरच ती जरीची शाल माझ्या खांद्यांवर घातली. सकाळचे आठ वाजले होते आणि माझ्या पाठीवरून घामाची धार वाहत होती. “काढूं नका मॅडम, फोटो आहे,” ते म्हणाले. फोटोग्राफर यायला वीस मिनिटं लागली. तोवर मी फलाटावर शालीत उकडत उभी राहिले आणि दोन प्रवाशांनी मला नमस्कार करून घेतला.

नाश्त्याला पोंगल, वडा आणि पितळी पेल्यातली कॉफी. ती कॉफी इतकी चांगली होती की मी जवळजवळ सगळ्यांना माफ केलं. तेवढ्यात गोविंदरावांनी शुक्रवारच्या कार्यक्रमाचा कागद पुढे केला. एकोणीस बाबी होत्या. दीपप्रज्वलन, प्रार्थना, दुसरी प्रार्थना, स्वागत, स्वागतगीत, प्रास्ताविक… सत्कारमूर्तींचं मनोगत अठराव्या क्रमांकावर होतं, आभाराच्या आधी. माझं भाषण सोळावं. मी चौदा पानं लिहून आणली होती आणि ती चांगली होती, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

“यात त्यांचा एखादा चित्रपट दाखवणार ना?” मी विचारलं.

“चित्रपट कशास?” गोविंदरावांना खरंच कळेना. “दोन तास जातात त्यांत.”

रघुनाथराव एका शिलाईच्या दुकानावर दोन खोल्यांत राहतात. वय साठीचं, केस पांढरे, बोलणं कमी. प्रश्न विचारला की आधी खिडकीबाहेर पाहतात, आणि तुम्ही प्रश्न विसरलात की उत्तर देतात. पोटासाठी लग्नांचं चित्रीकरण करतात. त्या लग्नांच्या उरलेल्या पत्रिका हाच त्यांचा कागद: पाठीवर पटकथा लिहितात, एका पत्रिकेवर एक प्रसंग. भाषा मराठी, लिपी तमिळ. शाळेत तीच शिकवली, असं म्हणाले.

“आणि प्रसंग मोठा असला तर?”

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. खाली शिंप्याने एक अख्खी बाही शिवली. मग म्हणाले, “पत्रिकेवर मावत नाही तो प्रसंग मज समजलेला नसतो.”

पंचवीस वर्षांत तीन चित्रपट. एकही रीतसर प्रदर्शित नाही. चौथा पाच वर्षं चालू आहे, कारण नट सगळे गावातले आणि कापणी लागली की ते शेतावर जातात. या चौथ्याचा फक्त शेवटचा प्रसंग उरला होता. त्यांनी ती पत्रिका मला वाचून दाखवली. पुढच्या बाजूला कोणा कार्तिक आणि दीपाचं लग्न. मागे चार ओळी. म्हाताऱ्या आईला परगावी मुलगा गेल्याची बातमी कळते. ती काही बोलत नाही. कालव्याच्या पायऱ्या उतरते, मरणाची, म्हणजे मेलेल्याच्या नावाने मारतात ती, बुडी मारते, वर येते. संपलं.

“मग अडचण काय?”

“दोन आहेत,” या वेळी उत्तर लगेच आलं. “पाणी शुक्रवारीं तीन वाजतां बंद होतें. आणि अत्या बुडी मारीत नाही.”

गुरुवार, पापनाशमच्या पुढे

पापनाशमपर्यंत मोठी बस, पुढे गावची. गावची बस दर फर्लांगावर थांबते आणि प्रत्येक थांब्यावर चालकाची कोणाशी तरी ओळख असते. दोन्हीकडे भात पोटरीत आलेलं, मधे बगळे, कडेला माड, आणि या सगळ्यामधून कालवे, पाट, चाऱ्या. कृष्णाकाठच्या माणसाला पाण्याचं कौतुक सांगू नये. तरी इथे पाणी ज्या शांतपणे घरांच्या मागच्या दारापर्यंत येतं ते मी मान वळवून पाहत राहिले. पाणी येतं मात्र पाळीने. ठरलेले दिवस या कालव्याला, मग दार बंद, मग पुढच्या कालव्याला. यंदाची ही शेवटची पाळी. पुन्हा पाणी पुढच्या हंगामात, आणि कमळाअत्या ब्याऐंशी वर्षांच्या.

अत्या म्हणजे रघुनाथरावांची सख्खी आत्या. तिन्ही चित्रपटांत तिनेच म्हातारीचं काम केलं आहे. पहिल्याच्या वेळी ती म्हातारी नव्हती, त्याचा राग तिला अजून आहे. शाळेत गणित शिकवायची. उंच, ताठ, नऊवारी, कानात जाड कुड्या.

“तूंच काय ती पुण्याची?”

“मिरजेची.”

“तेंच तें. बस. कापी होणें कां?” कॉफी हवी का, असं तिला म्हणायचं होतं.

केळीच्या पानावर भात, पिठलं आणि तळलेला पापड आला. पिठलं आपलंच, पण फोडणीत कढीपत्ता मूठभर आणि छोटे अख्खे कांदे. मी म्हटलं, आमच्याकडे कांदा चिरून घालतात. “वेळ असतो तुम्हांस,” अत्या म्हणाली. जेवण होईपर्यंत रघुनाथराव चित्रपटाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. मग पान उचलता उचलता पुटपुटले, “उद्या तेवढी एक बुडी…”

“नाही.”

“अत्या, खोटी ती. सिनेमातली.”

“पाणी खोटें आहे कां? केस खोटे भिजतील?” अत्या माझ्याकडे वळली. “बाई, तुम्ही शिकलेल्या. सांगा ह्याला. ह्या पायऱ्यांवर मी ह्याच्या बापाच्या नांवानें बुडी मारली, आईच्या नांवानें मारली. माझ्या घरच्यांच्या नांवानें मारली. आतां जिवंत माणसाच्या नांवानें मारूं? सिनेमांत हा माझ्या लेकाचें काम करतो, ठाऊक आहे? फोटोंत हाच. पत्रांत हाच. मी कोणाच्या नांवानें बुडी मारायची मग?”

हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मुलाचं काम करायला दुसरं कोणी का घेतलं नाही, असं मी विचारलं. रघुनाथरावांनी खिडकी शोधली. ओसरीला खिडकी नव्हती. “फुकट करणारा दुसरा कोणी मिळाला नाही,” ते म्हणाले.

अत्या पायऱ्या उतरायला तयार होती. हातपाय धुवायला तयार होती. वाटलं तर चूळ भरेन म्हणाली.

“तो वेगळा चित्रपट झाला,” रघुनाथराव म्हणाले.

“मग तो कर. ह्याचा शेवट आनंदाचा कर एकदां तरी. लोक उठून जातात तुझ्या सिनेमांतून.”

पाच वर्षांच्या कामाचा निकाल अशा रीतीने पिठल्याच्या पानावर लागत होता. मी दिग्दर्शकाच्या बाजूची, पण अत्याचं म्हणणं खोडता येईना, आणि हे मला फार त्रासाचं झालं.

परत जाताना कालव्याच्या दारापाशी सेल्वम भेटला. दार उघडणारा-मिटणारा सरकारी माणूस. आपल्याकडचा पाटकरी, तिकडे त्याला लस्कर म्हणतात. दार फिरवायची हातभर लोखंडी चावी तो खांद्यावर गदेसारखी घेऊन हिंडतो. रघुनाथरावांनी त्याला अर्धा तास जास्त मागितला. सेल्वमने छातीवर हात ठेवला. “सार, तुमच्यासाठी जीव देईन. तीन म्हणजे तीन. पुढच्या गावचे लोक माझा जीव घेतील.”

तरी गणित जमण्यासारखं होतं. समारंभ दहाला सुरू, साडेअकराला संपणार, असं गोविंदरावांनी देवाशपथ सांगितलं होतं. एकपर्यंत गावात, अत्याची मनधरणी, आणि तीनच्या आत काम.

शुक्रवार, तंजावूर

सभागृह म्हणजे लग्नाचं कार्यालय. दारावर मोठा फलक लागला होता. गोविंदराव मला मुद्दाम रस्त्यापलीकडे घेऊन गेले. “तुमच्यासाठीं मॅडम, सगळें देवनागरींत. एक इथें, एक पापनाशमच्या बसस्टँडवर. सकाळपासून लावलेत.”

त्यांनी खरंच विचार केला होता. इथल्या फलकांवर पुढाऱ्यांचे गॉगल आणि गुलाबी ढग असतात, आपल्यासारखेच. ते त्यांना नको होते. रघुनाथरावांचे चित्रपट कृष्णधवल, म्हणून फोटो कृष्णधवल. खाली पहिल्या चित्रपटाचं साल, एक आडवी रेघ आणि यंदाचं साल. छापणाऱ्याला देवनागरी वाचता येत नव्हती. त्याने फोटो पाहिला, सालं पाहिली आणि आपल्या अनुभवाने दोन्ही बाजूंना एकेक समई आणि वर झेंडूचा हार घालून दिला.

मी फलक वाचला. ‘गौरव समारंभ’ बरोबर होतं, ‘दिग्दर्शक’मध्ये रफार चुकला होता. तो मी गोविंदरावांना दाखवला आणि ते फार खजील झाले. माझी चूक एवढीच झाली की मी वाचत बसले. बाकी सगळं शहर नुसतं पाहत होतं.

दहाला सुरू होणाऱ्या समारंभाचे अध्यक्ष एक मोठे अधिकारी होते. ते दहा पस्तीसला आले. मंचावर हालचाल झाली, समईजवळ काडेपेटी गेली, आणि गोविंदरावांनी घड्याळ पाहून ती मागे घेतली. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. राहुकाळात दिवा लावत नाहीत, रिबन कापत नाहीत, गाडी विकत घेत नाहीत. दीड तास दोनशे माणसं आणि एक अधिकारी न लावलेल्या समईकडे बघत बसले. कोणी तक्रार केली नाही. आमच्याकडे कार्यक्रम उशिरा सुरू होतात, पण त्याचा दोष ग्रहांवर घालायची सोय आम्ही करून ठेवलेली नाही.

मी रघुनाथरावांकडे पाहिलं. नवरा-नवरीसाठी असते त्या लाल मखमली सिंहासनावर त्यांना बसवलं होतं. कपाळाला चंदन, गळ्यात कानापर्यंत आलेला गुलाबांचा हार. ते समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत होते. सगळ्यांचे फोन शिस्त म्हणून एका प्लॅस्टिकच्या टोपलीत गोळा केलेले, बंद करून.

बाराला दिवा लागला. दोन प्रार्थना झाल्या. मला दुसरी शाल मिळाली. प्रास्ताविक मराठीत झालं, मग तेच तमिळमध्ये, मग अधिकाऱ्यांसाठी इंग्रजीत. मधेच अर्धं सभागृह खालच्या मजल्यावर पंगतीला गेलं, जेवून आलं, आणि उरलेलं अर्धं गेलं. अधिकाऱ्यांनी सव्वा दोनला बोलायला घेतलं. त्यांनी रघुनाथरावांचा एकही चित्रपट पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्यांना कशाचीच अडचण पडली नाही. सिंहासनावर सत्कारमूर्तींनी डोळे मिटले.

त्याच वेळी मागचं दार उघडलं आणि वीसेक माणसं आत आली. बायकांचे केस मोकळे, ओले. पुरुष अनवाणी, खांद्यावर पंचे. पुढे सेल्वम, एका हातात शेवंतीचा जाड हार, दुसऱ्यात ती लोखंडी चावी. मंचावर खुर्चीत बसवलेले, हार घातलेले, डोळे मिटलेले रघुनाथराव त्यांना दिसले. त्या भागात काही लोक मयताला असंच खुर्चीत बसवतात, हे मला नंतर कळलं. एका बाईने गळा काढला.

अधिकाऱ्यांना वाटलं, लोकांचं प्रेम. ते बाजूला सरले. सेल्वम हुंदके देत मंचावर चढला, त्याने हार घातला, पायांवर डोकं ठेवलं. रघुनाथरावांनी डोळे उघडले.

“सेल्वम?” ते म्हणाले. “दारापाशीं कोण आहे?”

सेल्वम मागच्या मागे समईवर पडता पडता वाचला.

पुढची पाच मिनिटं मला सलग सांगता येणार नाहीत. पापनाशमच्या बसस्टँडवरचा फलक दूधवाल्याने पाहिला होता: काळापांढरा फोटो, समया, हार, दोन सालं. त्याने गावात सांगितलं. गावाने फोन केले. फोन टोपलीत होते. मग गाव निघालं, आणि तंजावूरला या कार्यालयाच्या दारावर त्यांना तोच फलक दिसला. हे सगळं कोणी तरी तमिळमध्ये ओरडून सांगत असताना गर्दीतून कमळाअत्या पुढे आली. केस ओले, लुगडं अर्धवट वाळलेलं. मंचाच्या पायऱ्या तिने कोणाचा हात न धरता चढल्या.

“जिवंत आहेस?”

“हाव, अत्या.”

तिने त्यांच्या खांद्यावर एक फटका मारला. गुलाबाच्या पाकळ्या अधिकाऱ्यांच्या बुटांवर पडल्या. “सकाळीं अकरा वाजतां मी बुडी मारली! थंड पाण्यांत! एकटी! तुझ्या नांवानें!”

रघुनाथरावांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पाच वर्षं ज्यासाठी थांबले ते सकाळी अकरा वाजता, त्याच पायऱ्यांवर, खऱ्या दुःखाने घडून गेलं होतं. आणि कॅमेरा तंजावूरला, शिंप्याच्या दुकानावर, पिशवीत होता.

“कशी मारलीस?” त्यांनी हळूच विचारलं. “सरळ खालीं गेलीस? कीं थांबलीस आधीं?”

“मेल्या!” अत्या म्हणाली. पण मग ती बसली, नवरीच्या रिकाम्या सिंहासनावर, आणि पदराने ओले केस पुसू लागली. गणित शिकवणारी बाई. मनात हिशेब चालला असावा. “मरणाची खोटी वार्ता उठली कीं आयुष्य वाढतें,” ती शेवटी म्हणाली. “तुझें वाढलें आतां. वाढलें त्यांत माझी एक बुडी खपेल. ऊठ. पाणी आहे कां?”

सगळ्यांनी सेल्वमकडे पाहिलं. भिंतीवर पावणेतीन. सेल्वमने हातातल्या चावीकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर आधी भीती आणि मग काहीतरी दुसरंच उमटलं. दार मिटणार कोण? मिटणारा इथे होता.

“अजून मनोगत आहे!” गोविंदराव कागद घेऊन धावले. “मॅडमचें भाषण आहे! चार बाबी!”

अधिकारी बसायला तयार होते. सभागृह दहा मिनिटांत पुन्हा शांत झालं असतं. माझी चौदा पानं माझ्या मांडीवर होती. त्यात त्या बंद पडणाऱ्या पोस्टाबद्दल एक परिच्छेद होता जो मला अजूनही फार चांगला वाटतो. मी ध्वनिक्षेपकाशी गेले आणि म्हणाले, “रघुनाथरावांचा गौरव करायचा असेल तर त्यांना आत्ता जाऊ द्या. चित्रपट पुरा व्हायचा आहे.” मग खाली उतरले. ते त्या दिवसातलं सर्वांत चांगलं भाषण झालं असं मला नंतर तिघांनी सांगितलं. त्याचं मला दुःख आहे.

गोविंदरावांनी घाईघाईत मला तिसरी शाल घातली आणि, त्या माणसाचं मन मोठं, कार्यालयाची वऱ्हाडाची व्हॅन आम्हाला मिळवून दिली. वाटेत कॅमेरा घेतला. कळस चौथ्यांदा दिसला. कोणी तरी मुगाच्या डाळीचा अशोका हलवा पानात बांधून आणला होता, पंगतीतला. सुतकातून निघालेल्या माणसांनी तो भराभर खाल्ला. तूप माझ्या कोपरापर्यंत ओघळलं आणि चौदा पानांपैकी दोन मी त्याला पुसायला वापरली.

पोहोचलो तेव्हा चार वाजत आले होते. कालवा काठोकाठ. दारापाशी मोपेड लावून पुढच्या गावचे दहाबारा शेतकरी उभे होते, त्यांचं पाणी तासभर अडलं म्हणून भांडायला. पण बातमी त्यांच्यापर्यंतही पोहोचलेली होती, आणि ज्याच्यासाठी लस्कर गेला होता तोच माणूस हार काढत व्हॅनमधून उतरताना दिसल्यावर भांडण कुठून सुरू करावं हे त्यांना सुचेना. “दहा मिनिटं,” सेल्वम त्यांना म्हणाला. “सार नुकतेच परत आलेत.”

रघुनाथराव ‘सुरू करा’ वगैरे म्हणत नाहीत. कॅमेऱ्यामागे उभे राहिले आणि मान हलवली. अत्या पायऱ्या उतरली. तिसऱ्या पायरीवर थांबली, तिथे थांबायचं पत्रिकेवर लिहिलेलं नव्हतं. मग कमरेपर्यंत पाण्यात गेली आणि डोकं खाली घातलं. पाणी वर मिटलं. माडांच्या सावल्या त्यावरून हलल्या. ती वर आली तेव्हा रडत नव्हती. तिने पाण्याकडे पाहिलं, सकाळी याच पाण्याने तिला फसवलं होतं अशा नजरेने, आणि वळून पायऱ्या चढू लागली. काठावर कोणी हललं नाही. ते शेतकरीसुद्धा.

बऱ्याच वेळाने रघुनाथरावांनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला. आता तरी हा माणूस काही बोलेल म्हणून मी पाहत होते.

“अत्या,” ते म्हणाले, “अजून एकदां? मधें बगळा आला.”

अत्याने पदर पिळला. “दुसरी तूं खरा मेल्यावर,” ती म्हणाली. मागे सेल्वम चावी लावून दार खाली घ्यायला लागला होता. साखळी कुरकुरत होती. अत्याला थंडी वाजत होती. तिने माझ्याकडे हात पुढे केला.

“पुण्याची बाई, ती शाल इकडे द्या.”

मी दिली. मिरज म्हणायचं राहून गेलं.